घोडा, टोपी आणि आई

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. त्याला माझी हरकत नाही. खरं बोलणाऱ्याच्या नशिबी हे असतंच.

मी एवढं म्हणालो की आक्काचे जावईबापू हातातला कप खाली ठेवतात आणि तुपात बोट बुडवल्यासारखं हसतात. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती खिडकीपाशी मटार सोलत असते, वर बघत नाही.

आम्ही दोघं एकाच सिनेमा कंपनीत होतो. मी सेटवरचा सुतार. आक्का आई. म्हणजे सिनेमा कुठलाही असो, त्यातली आई तीच. तिच्याहून वयाने थोर नायकांना तिने मांडीवर थोपटलंय. खलनायक म्हणून जो होता, तो बिचारा प्रत्येक सिनेमाच्या शेवटी तिच्यापुढे गुडघे टेकून सुधारायचा. बाहेर भेटला तरी तिच्यापुढे आवाज चढवत नसे.

तर एकदा मालकांचा पुतण्या परदेशाहून आला. येताना मोठी टोपी घेऊन आला, म्हणून आम्ही त्याला टोपीसाहेब म्हणायचो. टोपी एवढी रुंद, की दुपारी तिच्या सावलीत तीन लाइटवाले डबे खायचे.

“मामा,” जावईबापू म्हणाले.

“बरं, दोन लाइटवाले. तिसऱ्याचे पाय उन्हात होते.”

टोपीसाहेबांनी तिकडचे घोडेस्वारांचे सिनेमे पाहिले होते. एक माणूस घोड्यावरून येतो, चार शब्द बोलतो, पाच माणसं मारतो आणि निघून जातो. आपण तसाच काढायचा, असं त्यांनी जाहीर केलं. मालकांनी विचारलं, “हा कुणाचा कोण?”

“कुणाचाच नाही. ना आगा, ना पीछा.”

“मग मेला तर रडणार कोण?”

“कोणी नाही, काका. तीच तर मजा आहे.”

मालकांना त्यात मजा दिसेना. घासाघीस सुरू झाली. गाणी हवीत, मालक म्हणाले. ठीक, नायक घोड्यावर बसून गाईल. नाच हवा. ठीक, दारूच्या गुत्त्यात. विनोदी हवालदार हवा. तोही मिळाला, फक्त त्याच्या छातीवर पत्र्याची चांदणी लावली. असं करत मालकांनी सगळं वाचवलं. आई वाचवायची वेळ आली तेव्हा त्यांच्या घशाला कोरड पडली होती, आणि आई तेवढी गळाली.

आक्काला काय ते कळलं. हा एक सिनेमा चालला असता, तर पुढच्या प्रत्येक नायकाला घोडा मिळाला असता आणि आई कुणालाच नाही. ती रोज सकाळी खांद्यावर शाल टाकून स्टुडिओत यायची आणि मेकअपच्या खोलीबाहेर खुर्चीवर बसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, “भावाला डबा आणलाय.”

“आणि घोडा?” जावईबापूंनी विचारलं. जावयाला घोड्यातच रस.

घोडा दूधवाल्याच्या गाडीचा. देखणा, पण सवयीचा गुलाम. मी अख्खी गल्ली उभी केली होती, दोन्ही बाजूंना घरं. नायक सूड घ्यायला निघाला की घोडा पहिल्या दाराशी थांबायचा. दुसऱ्या दाराशी थांबायचा. प्रत्येक घराला दूध मिळाल्याशिवाय सूड पुढे सरकेना. शेवटी मी सगळी दारं काढून तिथे फळ्या ठोकल्या. नंतर एका समीक्षकाने लिहिलं, की दारं नसलेल्या या गावात आधुनिक माणसाचं एकटेपण दिसतं.

“हे मात्र पटतं,” जावईबापू म्हणाले.

मग शेवटचा प्रसंग आला. फळ्यांच्या त्या गल्लीत नायक एका टोकाला, खलनायक दुसऱ्या. दोघांचे हात पिस्तुलापाशी. संवाद नाही, संगीत नाही. वादकांना टोपीसाहेबांनी बजावलं होतं, जो वाजवील त्याला घरी पाठवीन. कॅमेरा सुरू. दोघं एकमेकांकडे बघतायत. बघतायत. घामाने मिशी सुटली खलनायकाची, तरी बघतायत.

आणि आक्का उठली. शाल सावरली आणि चालत गेली थेट गल्लीच्या मधोमध. दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, “उन्हात काय उभे राहिलात रे? तोंडं बघा कशी झालीत.”

खलनायकाच्या हातून पिस्तूल गळलं. इतकी वर्षं त्या आवाजापुढे तो सुधारत आला होता, त्याचे गुडघे आपोआप टेकले गेले. नायकाने टोपी काढली आणि “आई” म्हणाला. कागदावर तसं काही नव्हतं. कॅमेरावाला सवयीने तिच्या चेहऱ्यावर गेला. लाइटवाल्यांनी सवयीने उजेड तिच्या डोळ्यांवर टाकला. सारंगीवाल्याला तर कळलंच नाही की आपण वाजवतोय. टोपीसाहेब थांबा म्हणायला उठले, पण त्यांनाच हुंदका आला.

“मग ते ठेवलं सिनेमात?”

“ठेवलं म्हणजे? त्याच्यावर तर सिनेमा चालला. लोक उठेनात थिएटरातून.”

“कुठे बघायला मिळेल, मामा?”

“कुठे मिळणार? एकच प्रत उरली होती, ती जळाली.”

“वाटलंच.”

“जळण्यापूर्वी परदेशात जाऊन आली ना पण. तिकडच्या घोडेस्वारांच्या कंपनीतून विचारणा झाली. म्हणाले, आमच्याकडे घोडे आहेत, टोप्या आहेत, मधे उभी राहणारी बाई तेवढी पाठवा. आक्काच नको म्हणाली, बोट लागते म्हणून.”

मटारचं टोपलं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

“धाकट्या,” आक्का म्हणाली, “पुरे कर खोटं. मी त्या दिवसांत घराबाहेर पडले नव्हते. आणि सिनेमा मी तिकीट काढून पाहिलाय, मागच्या रांगेत बसून. मधे कोणी आलं नाही. दोघंही मेले.”