कापलेल्या रायफलीच्या पेटीतले पत्र

मित्रांनो, माझ्या पेटीत स्पंजखाली एक पत्र आठ वर्षे पडून होते. ते मला लिहिलेले नव्हते, तरी त्याला उत्तर गेले नाही याची लाज मलाही वाटते.

मी शिकवणीच्या खोलीतली एक जुनी रायफल आहे. आतले सगळे दिसावे म्हणून कारखान्यातच माझी एक कूस कापून काढली. आतले गरे दिसतात म्हणून नवे शिपाई मला 'फणस' म्हणत. गोळी सुटली की तिच्यामागचा वायू दट्ट्याला मागे रेटतो, नळीमागचा बोल्ट सरकतो आणि पुढचे काडतूस आपोआप वर येते, हे ते माझ्या पोटात डोकावून शिकले. एकेक गोळी की सलग मारा, हे ठरवणारा बोटाएवढा खटका, घडीचा दस्ता, हलके अंग... शिकवणारे उस्ताद माझे गुण सांगताना थकत नसत. मीही फुशारून गेले होते.

रायफल रिकामी करताना आधी काडतुसांचे मॅगझिन काढायचे, मग बोल्ट ओढायचा. उलट केले तर एक काडतूस नळीत शिरून बसते. माझ्यात काडतूस कधीच नसे. एकदा जेवणाची वेळ टळत होती. उस्तादांनी घाईत उलटा क्रम दाखवला आणि म्हणाले, "झाली रिकामी." मी होतेच रिकामी.

पहिल्या बाकावरच्या शिपायाने तेच उचलले. आठवड्याने साफसफाई करताना त्याच्या रायफलीतून गोळी सुटली आणि शेजारच्या मित्राचा पाय गेला. चौकशीत निष्काळजी ठरवून शिपायाला घरी धाडले. मग उस्तादांना त्याच्या आईचे पत्र आले. तो कुणाशी बोलत नाही, 'उस्तादांनी दाखवलं तसंच केलं' एवढेच म्हणतो. चूक त्याचीच होती का, तेवढे कळवा.

उस्तादांनी ते स्पंजखाली सारले आणि वर मला ठेवले.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी नव्या शिक्षिकेने पेटी तपासली. पत्र वाचून तिने विचारले, "उत्तर दिलंत?"

"आता काय लिहू, बाई? आठ वर्षं झाली."

"आठच झालीत. नऊ होऊ देऊ नका."

उस्तादांनी मला उचलले. आधी मॅगझिन, मग बोल्ट. नळीत बोट घालून पाहिले. मग माझ्याच पेटीवर कागद ठेवून लिहिले, 'चूक त्याची नव्हती. मीच उलटं दाखवलं, आणि चौकशीत गप्प राहिलो. हे पत्र हवं त्याला दाखवा.'

मित्रांनो, शिकवताना रिकाम्या वस्तूलाही भरलेली समजून हात लावा. कुणीतरी तुमचे हात पाहत असते.

खिडकीतून फाटकाजवळची टपालपेटी दिसते. उस्तादांनी पाकीट तिच्यात सरकवले, पण हात बराच वेळ तसाच आत राहिला. शेवटी तो बाहेर आला, तेव्हा रिकामा होता.