त्सियालाची झाळ

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा हंडा आहे. जन्मलो दुधासाठी, पण आयुष्य गेलं चाचा नावाची दारू गाळण्यात. आमच्या काखेती या द्राक्षांच्या मुलखात वाइन झाली की द्राक्षांचा चोथा कुणी फेकत नाही. तो चुलीवर चढवून घरोघरी ही कडक चाचा गाळतात.

दूधसंघ बंद पडला तेव्हा उशांगीने मला घरी आणलं. माझ्या खांद्यावर वाफेची नळी बसवायची होती. त्याने नुसतं भोक पाडलं. झाळकाम केलं त्याच्या बायकोने, त्सियालाने. ती रेडिओच्या कारखान्यात राबलेली बाई. स्टील सहजी झाळ धरत नाही. तिने मला घासलं, तेजाब लावलं आणि बिनशिशाचं कथील असं फिरवलं, की नळीभोवती चकचकीत कडं उमटलं. चटके बसले खरे, पण मी देखणा झालो.

शेजाऱ्यांच्या हंड्यांचे सांधे वाफ सुटू नये म्हणून कणकेने लिंपलेले असत. मला कधी कणीक लागली नाही. "पीठ खायला असतं," त्सियाला म्हणायची. दर हिवाळ्यात ती सांधा तपासायची आणि हाक मारायची, "उशांगी, ये, शिकून घे. मी गेल्यावर काय करशील?"

"तू आहेस ना! आणि तू कसली जातेस? मला पोचवूनच जाशील."

यंदा द्राक्षं उतरली आणि ती गेली. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तिच्याच हंड्यातली चाचा वाढायची, असं उशांगीने ठरवलं. मला धुवायला त्याने पाणी तापत ठेवलं आणि तिची शाल कवटाळून बसला. पाणी आटलं. मी कोरडा तापलो आणि तिची बरीचशी झाळ वितळून चुलीत गळली.

त्याने तिची झाळकामाची पेटी काढली. कथील लावलं की गोळी होऊन घरंगळायचं. तेजाब आधी लावायचं की नंतर, हेही त्याला ठाऊक नव्हतं.

शेजारचा गोचा म्हणाला, "काका, उरलेलं घासून टाका. माझा मेहुणा पाच मिनिटांत वेल्डिंग मारून देईल."

"तिच्या हातचं घासायचं? हात तर लावून बघ!"

शेवटी उशांगीनेच कणीक मळली. रडत रडत सांधा लिंपला. मलाही फार वाईट वाटलं.

चाळिसाव्याला त्याने भाकरीवर तिच्या नावाने चाचा ओतली. "झकास उतरलीय!" पाहुणे म्हणाले. तो उठून माझ्याजवळ आला आणि वाळलेल्या कणकेवर हात ठेवून पुटपुटला, "पीठ लावावं लागलं गं."

मित्रांनो, हंडा कोरडा तापवू नका. आणि घरातलं कुणी "ये, शिकून घे" म्हणालं, तर हातातलं काम टाकून जा.