न आलेली काटकी

सासूबाईंचा खांदा पुढच्या आठवड्यात बदलायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: नव्या खांद्याने स्वयंपाक करा, केस विंचरा, नातवंडं झाली की उचला, पण वल्हं विसरा. दवाखान्यात त्या शहाण्या मुलीसारखं मान हलवत होत्या. घरी येऊन शिलाई मशीनसमोर बसल्या, सुईत दोरा ओवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शनिवारी ओढ्यावर जाऊ. शेवटचं."

"शेवटचं शेवटचं म्हणत किती वेळा गेलीस, आई?" दारातून माझा नवरा म्हणाला.

"आत्तापर्यंत मी म्हणत होते. या वेळी डॉक्टर म्हणतोय."

सासूबाई कयाकवाल्यांसाठी शिवतात. कयाक म्हणजे एकट्याने बसायची, वरून बंद असलेली अरुंद होडी. कमरेभोवती रबरी आवरण ताणून होडीच्या काठाला बसवलं की उलटलं तरी आत पाणी शिरत नाही. ही आवरणं आणि तरंगणारी जाकिटं त्या घरातच शिवतात, त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर कायम रबराची कातरणं असतात आणि गादीलाही डिंकाचा वास येतो. त्यांच्या मुलाला मात्र या सगळ्याचा वाराही लागला नाही. तो दातांचा डॉक्टर आहे आणि त्याला पाणी फक्त चूळ भरण्यापुरतं लागतं. वल्हं हातात धरायला त्यांनी शिकवलं ते मला. मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, आणि प्रत्येक गोष्टीला "किती?" असं विचारते म्हणून त्यांनी माझं नाव 'मोजपट्टी' ठेवलं आहे.

शनिवारी नवऱ्याने आम्हाला वर सोडलं आणि तो गाडी घेऊन खालच्या पुलापाशी गेला.

आमचा ओढा सरळ वाहत नाही, पायऱ्या उतरतो. लहान धबधबा, मग डोह, पुन्हा धबधबा. शेवटचा मोठा धबधबा दुमजली घराएवढा. सासूबाई तो पहिल्यांदा उतरल्या तेव्हा त्या माझ्या वयाच्या होत्या, आणि आज त्या त्याच्यासाठीच आल्या होत्या.

या ओढ्यावर दगडांची भीती कमी, पडलेल्या झाडांची जास्त. दगडाला पाणी वळसा घालतं आणि आपल्यालाही सोबत नेतं. झाडाचं तसं नसतं. पाणी फांद्यांमधून निघून जातं आणि माणूस गाळणीतल्या चहापत्तीसारखा मागे राहतो. म्हणून जो पुढे असतो त्याने होडीतून उतरून काठावरून धबधब्याचा पायथा बघायचा. झाड दिसलं तर वरून काटक्या टाकायच्या. एक जरी वर आली नाही, तर कोणीही उतरायचं नाही. मग मागच्याला वल्ह्याने कळवायचं, कारण पाण्याच्या आवाजात ओरडून उपयोग नसतो. उभं वल्हं म्हणजे ये. आडवं म्हणजे थांब. आडवं दिसलं की का, हे खाली पोचल्यावर विचारायचं. हे सगळे नियम सासूबाईंचेच.

इतकी वर्षं पुढे त्या असायच्या. त्या दिवशी होडीत बसता बसता म्हणाल्या, "आज तू पुढे."

"खांदा दुखतोय का?"

"खांद्याचं मी बघते. तू पुढे बघ."

वरच्या पायऱ्या छान उतरलो. त्या उजवा हात जपून वापरत होत्या. बळ शेवटच्यासाठी साठवत होत्या, हे दिसत होतं. मोठ्या धबधब्याच्या वरच्या डोहात त्यांनी एका खडकाचा आधार घेतला. मी पुढे जाऊन काठावर उतरले आणि वाकून पाहिलं.

खाली झाड होतं. नुकतंच पडलेलं, पानं अजून हिरवी. मुळं डाव्या काठावर, शेंडा पांढऱ्या फेसात बुडालेला. आम्ही उजवीकडून उडी घेतो, आणि उजवीकडे तर पाणी मोकळं दिसत होतं. मी हाताएवढ्या काटक्या मोडून एकेक सोडल्या. त्या गडप व्हायच्या, मग फेसातून डोकं काढून उजवीकडे वाहत जायच्या. एक आली नाही.

मी थांबले. फेस पाहिला, कडेचं पाणी पाहिलं. नाही. पुन्हा त्याच जागी काटक्या टाकल्या. सगळ्या आल्या.

प्रयोगशाळेत असते तर मी म्हटलं असतं की एकाने काही सिद्ध होत नाही. ती जड असेल, भिजलेली असेल, मोडून दोन झाली असेल. मनात एकामागून एक कारणं येत होती, आणि सगळी एकाच बाजूची होती. मागे वळून पाहिलं. डोहात पिवळं हेल्मेट माझ्याकडे वळलेलं होतं. त्यांनी हात होडीवर दोनदा थोपटला. उडीआधी त्या नेहमी असंच करतात, घोड्याला थोपटावं तसं. ज्या बाईने मला श्वास कधी घ्यायचा हेसुद्धा शिकवलं, तिच्याकडून हे मी कसं काढून घेऊ? क्षणभर वल्हं माझ्या हातात उभंच होतं.

मग मी ते आडवं केलं आणि डोक्यावर धरलं.

त्या हलल्या नाहीत. इतका वेळ, की त्यांना दिसलं नाही असं मला वाटलं. मी वल्हं आणखी उंच धरलं. मग त्यांनी आपलं वल्हं, दुखऱ्या हाताने, आडवं वर केलं. समजलं.

काठावरच्या पायवाटेने आम्ही दोन्ही होड्या दोरीने ओढत खाली निघालो.

"किती?" अखेर त्यांनी विचारलं.

"एकच. नंतरच्या सगळ्या आल्या. आई, कदाचित..."

"कदाचित काय?"

"कदाचित काही झालं नसतं."

"नसतंही झालं, कोण जाणे." त्या थांबल्या, हेल्मेट काढलं. केस कपाळाला चिकटले होते आणि डोळे लाल होते. "तुला पुढे का घातलं कळलं का? मी पुढे असते ना, तर ती काटकी मी मोजलीच नसती. आज तर नाहीच."

मी त्यांच्या हातातली दोरी घेऊ लागले.

"सोड. दोरी ओढायला डॉक्टरने मनाई केलेली नाही." मग जरा वेळाने, "रडायचं असेल तर चालता चालता रड, मोजपट्टी. होड्या अडून राहतात."

"तुम्हीच रडताय."

"मी घाम पुसतेय."

खाली, पुलाच्या अलीकडे, ओढ्याची एक शेवटची पायरी आहे. गुडघ्याएवढी. शिकवणी तिथे सुरू होते. तिथेच मी सात जन्मांचं पाणी प्यायले होते. सासूबाईंनी होडी पाण्यात लोटली.

"इथे काटक्या टाकायच्यात का?"

"टाकते," मी म्हटलं, आणि खरंच टाकल्या. त्या हसत होत्या.

मी आधी उतरले आणि वळून वल्हं उभं धरलं. काठावर नवरा थर्मास घेऊन उभा होता. त्याला आमच्या खुणा ठाऊक नाहीत, पण माझं पाहून त्यानेही थर्मास डोक्यावर उभा धरला. सासूबाईंनी होडी दोनदा थोपटली आणि गुडघ्याएवढ्या त्या पायरीवरून, मोठ्या धबधब्यावर घ्यावी तशी, ताठ बसून उडी घेतली.

काठाशी येताना त्यांचा हात वर उठेना. मी वळायच्या आत नवरा पाण्यात शिरला होता, बुटांसकट, मांडीपर्यंत, आणि त्याने होडी दोन्ही हातांनी धरली.

"अरे, बूट!" सासूबाई ओरडल्या.

"वाळतील," तो म्हणाला. "तू आधी बाहेर ये."

"थांब रे जरा," सासूबाई म्हणाल्या, आणि होडीतच बसून राहिल्या. तो थंडीने कुडकुडत, होडी धरून उभा राहिला. का, ते त्याने विचारलं नाही.