लिंबाजीच्या वाट्याचं ऊन

नर्मदाबाईनं घोंगडीचं एक टोक धरून ओढलं, तसं लिंबाजीनं दुसरं टोक मुठीत आवळलं. उन्हात बसायला सांगितलं तर हा माणूस गळ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळून बाजेवर बसलेला. वर पटका, आत लांब बाह्यांचा सदरा. उकडायला घातलेल्या रताळ्यासारखा. असला नवरा शत्रूलाही मिळू नये, असं ती सून दिपालीला घरात ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली.

मागच्या महिन्यात तो उंबऱ्याला ठेचकाळून पडला, तेव्हा लेकानं, शिवहारनं, त्याला हिंगोलीला नेलं होतं. डॉक्टरनं रक्त तपासलं. हाडं ठिसूळ झालीत, अंगाला ऊन कमी पडलंय, म्हणाला. नर्मदाबाईनं तिथंच डॉक्टरला फैलावर घेतलं. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या धनगराला ऊन कमी पडतं, आणि पंख्याखाली बसणाऱ्याला पुरतं व्हय? डॉक्टर हसला नाही. मेंढरांमागं जाताना अंगावर काय असायचं, एवढंच त्यानं विचारलं. घोंगडी, पटका, सदरा. हे तिलाच सांगावं लागलं, म्हणून ती जास्तच चिडली.

घरी आल्यापासून मात्र डॉक्टरचा हुकूम तीच चालवत होती. दुधातून औषधाची पुडी. न्याहारीनंतरचं ऊन, तेही हातपाय उघडे टाकून. कातडी चुरचुरायच्या आत सावली. दुपारच्या उन्हाचं तर नावच काढायचं नाही. पुन्हा पडला तर खुब्याचं हाड जाईल आणि बाज सुटायची नाही, हे डॉक्टरनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. लिंबाजीला चैताच्या आत शिवहारबरोबर सिद्धेश्वरच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला जायचं होतं. तेवढ्यासाठी तो पुडी मुकाट प्यायचा. ऊन तेवढं अंगाला लागू द्यायचा नाही.

"काहून असं करून राहिले तुमी?" तिनं विचारलं. "थंडी वाजून राहिली का या उन्हात?"

"वाजते थोडी."

तिनं घोंगडी काढलीच. बाह्या दुमडल्या, धोतर गुडघ्याच्या वर सारलं. तो न्हाऊ घालायला बसवलेल्या लेकरासारखा अंग चोरून बसला.

तेवढ्यात पुसेगावच्या रस्त्यानं संतराम शेळ्या घेऊन आला. नात्यानं तिचा थोरला दीर. लिंबाजी लांडग्यामागं अनवाणी धावला, तोंडातलं कोकरू सोडवून आणलं, ही गोष्ट गावभर सांगणारा तोच. लिंबाजीचा हात गुडघ्यावर गेला. धोतर घोट्यापर्यंत आलं. एक शेळी बाभळीला लागली म्हणून संतराम समोरच थांबला, तसे लिंबाजीनं दोन्ही पाय बाजेखाली ओढून घेतले.

नर्मदाबाईच्या तोंडाशी आलेली शिवी तिथंच अडली. तिनं त्या पायांकडं पाहिलं. पोटऱ्या पार उतरल्या होत्या. कातडं हाडावर नुसतं टांगलेलं. रोज रात्री तेल चोळणाऱ्या तिच्या हाताला ते ठाऊक होतं. उजेडात बघायचं राहून गेलं होतं.

दिपाली दारात येऊन उभी राहिली. थोरल्या दिरापुढं पदर ढळू द्यायचा नसतो, हे तिला याच सासूनं शिकवलं होतं, आणि शब्दांनी सोलून शिकवलं होतं.

नर्मदाबाई बाजेच्या रस्त्याकडच्या कडेला बसली. डोक्यावरचा पदर काढून तिनं कमरेला खोचला. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि पाय लांब सोडले. पांढऱ्या केसांवर ऊन पडलं. संतरामनं एकदा पाहिलं, मान फिरवली आणि शेळ्या अशा काही हाकल्या की बाभळीची ती शेळी पाला तोंडात धरूनच पळाली.

"नर्मदे," लिंबाजी चाचरत म्हणाला, "अगं, पदर..."

"असू द्या." तिनं मागं वळून पाहिलं नाही. "आता रस्त्यानं जानारा मला बघंल. तुमच्याकडं बघायला कोन रिकामं हाय? काढा ते पाय भाईर. कातडी चुरचुरली की सांगा, दोघं बराबर सावलीला जाऊ. तवर हलायचं न्हाई."