अकरा वर्षं मी खोटी दिशा दाखवली

मी होकायंत्र बोलतोय. जरा स्थिर बसा हो. तुम्ही हललात की माझी सुई हलते, सुई हलली की माझा जीव खालीवर होतो, आणि मग काय सांगायचं होतं तेच मी विसरतो.

आधीच सांगून टाकतो, मला लिहितावाचता येत नाही. माझ्या अंगावर गोल आकडे कोरलेत, पण कुठला किती ते देव जाणे. मला एवढंच कळतं की मधोमध सुई आहे, कडेला एक छोटासा मनोरा रंगवलाय आणि एका आकड्यावर नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका आहे. डबी फिरवून सुई ठिपक्यावर आणायची, मग मनोरा दाखवेल तिकडे तोंड करायचं. तिकडे काबा. काळ्या कापडातलं ते चौकोनी घर, जगातले सगळे मुसलमान ज्याच्याकडे तोंड करून नमाज पढतात. इतकं सोपं काम. आणि तेवढंच एक काम मी अकरा वर्षं चुकीचं केलं. हसा. मीही बरीच वर्षं हसत होतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एक बाई चिमट्यानं सुई उचलायची, टोकावर ठेवायची आणि फुंकर मारायची. सुई फिरून परत जागेवर आली की डबी पास. मी फिरलो, जागेवर आलो आणि उगाच एक गिरकी जास्त मारली. बाई म्हणाली, "हा वांड निघणार." तेव्हाच बाजूला काढायला हवं होतं तिनं मला.

मला विकत घेतलं एका हाजीनं. हजला गेला होता तो, मक्केला. ज्याच्या अंगात ताकद आहे आणि गाठीला खर्च आहे, त्यानं जन्मात एकदा तिथं जायचं असतं. परत आला तो थेट बहिणीच्या घरी. बहिणीचा नवरा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. हाजी दारातूनच ओरडला, "मास्तर, तिथं तुमच्या धंद्याला कुत्रं विचारत नाही! दोन बिनशिवणीच्या चादरी गुंडाळायच्या. राजा असो की हमाल, तेवढंच कापड."

"गुंडी तरी?" मास्तरांनी विचारलं.

"गुंडी नाही, काज नाही, खिसा नाही."

मास्तरांनी मशीनचं चाक थांबवलं. मग म्हणाले, "खिसाच नाही म्हणजे माणूस खरंच देवासमोर उभा राहत असेल."

लाल ठिपका हाजीनंच लावला. मला बहिणीच्या ओंजळीत ठेवून म्हणाला, "हे तुला. आता दिशा कुणाला विचारत बसू नकोस." त्याच वर्षी थंडीत तो गेला. साधा ताप, तिसऱ्या दिवशी माणूस नाही.

ही बहीण म्हणजे माझी मालकीण. मी मनातल्या मनात तिला हवालदारीण म्हणतो. का, तर दिवसातून पाच वेळा घरादाराला हाकलून नमाजाला उभं करायची. पहाटे उजाडायच्या आत एक, दुपार कलली की दुसरी, ऊन लांबलं की तिसरी, सूर्य बुडाला की चौथी आणि निजायच्या आधी पाचवी. "उठा, देवानं बोलावलंय आणि तुम्ही कूस बदलता?" आधी वजू. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. मग उभं राहायचं, वाकायचं, कपाळ जमिनीला टेकायचं, म्हणजे सजदा, मग बसायचं. लेकाचा सजदा जरा लांबला की ती ओळखायची. "अल्लाहच्या दारात झोपलास काय रे?"

आणि तिचे रोजे! महिनाभर पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. "नुसतं पोट उपाशी ठेवून भागत नाही, जीभ उपाशी ठेवायची," असं सांगायची. त्याच दमात शेजारणीचा विषय निघायचा आणि मग स्वतःचंच तोंड हातानं गच्च दाबून धरायची. मला इतकं हसू यायचं की सुई थरथरायची.

एक शाळेतल्या बाई कपडे शिवायला टाकायच्या. त्यांनी एकदा मला हातात घेऊन विचारलं, "त्या काळ्या घरात देव राहतो का हो?"

"देव कुठल्या घरात मावेल, बाई?" हवालदारीण म्हणाली. "तो एकच. त्याला आईबाप नाहीत, लेकरं नाहीत, त्याचं चित्र नाही. तोंड एकीकडे करायचं ते आपण माणसं विखरू नये म्हणून."

"आणि पैगंबर?"

"माणूसच. देवाचा निरोप आणणारे शेवटचे. त्यांच्या आधीही पुष्कळ आले, सगळ्यांना मान. पण कपाळ टेकायचं ते त्या एकासमोर."

एवढं चोख बोलणारी बाई. आणि ती उभी कुठं राहायची? तर न्हाणीघराच्या भिंतीकडे तोंड करून! माझ्यामुळे.

झालं असं. हाजी गेला त्याच वर्षी या मंडळींनी घर बदललं. वाकड्या जिन्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत दुकान. पहिल्याच दिवशी हवालदारणीनं मला भिंतीवरच्या फळीवर ठेवलं. त्याच फळीच्या खाली, खिळ्याला, मास्तरांनी आपलं लोहचुंबक लटकवलं होतं. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या गोळा करायला शिंप्याकडे असतं ना, तसं नालासारखं, लाल तोंडाचं. ते माझ्या सुईला ओढेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. मला मात्र लगेच कळलं. त्या लालतोंड्यानं मला असं ओढलं म्हणून सांगू, की उत्तर नाही आणि दक्षिण नाही, मी आपला त्याच्याकडे. लाज सोडून. तिनं डबी फिरवून सुई ठिपक्यावर आणली, मनोऱ्यानं न्हाणीघर दाखवलं, आणि तिनं तिथं जानमाज, म्हणजे नमाजाची चटई अंथरली. खरी दिशा होती जिन्याच्या दाराकडे.

मला गंमत वाटली. म्हटलं, उद्या कळेल यांना. उद्याची अकरा वर्षं झाली.

रोज त्या चटईवर ती शेवटी हात पसरून बसायची आणि भावासाठी मागायची. "त्याच्या चुका माफ कर. तो हसरा होता, त्याला अंधारात ठेवू नकोस." तेव्हा मात्र माझी गंमत आटायची. पण ओरडणार कसा? मला तोंड नाही, सुई आहे, आणि ती लालतोंड्याच्या ताब्यात.

चार वर्षांपूर्वी मास्तरांच्या हातून टाचण्यांचा डबा सांडला. त्यांनी लोहचुंबक काढलं आणि मी गर्रकन फिरलो. मास्तरांनी ते पहिल्यांदाच पाहिलं. लोहचुंबक परत लावलं, मी परत फिरलो. काढलं, लावलं, काढलं. त्यांचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला. पाठीमागं हवालदारीण चटईवर भावासाठी रडत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लोहचुंबक होतं तसं खिळ्याला लटकवून ठेवलं. टाचण्या बोटांनी एकेक वेचल्या.

त्या दिवसापासून मास्तर पाचही वेळा मशिदीत. पाऊस असो, ताप असो. हवालदारीण सगळ्या जिन्याला सांगायची, "आमच्यांना या वयात काय भक्ती लागलीय!" मास्तर खाली मान घालून चपला शोधायचे. त्यांची भक्ती काय होती ते मला आणि लालतोंड्याला ठाऊक.

मग घरात सून आली. लेकाचं लग्न झालं, आणि मुलगी निघाली जमीन मोजणीच्या खात्यातली. दोन दिवस तिनं आतल्या खोलीत एकटीनं नमाज केली. तिसऱ्या दिवशी, ऊन लांबल्यावर, सासूनं हाक मारली. "अगं, पुढच्या खोलीत ये. एकत्र करू. मी काय खाते तुला?"

सून मागं उभी राहिली. नमाज संपताना मान आधी उजवीकडे वळवायची, मग डावीकडे, आणि सलाम म्हणायचा. हवालदारणीनं मान डावीकडे वळवली, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसली सुनेची पाठ! सून जिन्याच्या दाराकडे तोंड करून सजद्यात.

ती उठल्याबरोबर सासू फुटली.

"हे काय? तीन दिवस झाले नाहीत आणि माझ्याकडे पाठ?"

"अम्मी, तुमच्याकडे नाही हो. मी फक्त... काबा या बाजूला आहे."

"काय सांगतेस! अकरा वर्षं मी भिंतीला तोंड दाखवत होते?"

"सूर्य त्या खिडकीतून उगवतो, अम्मी, आणि काबा आपल्याकडून मावळतीला. पहिल्याच दिवशी बघून ठेवलं मी. कामाची खोड आहे."

"सूर्याचं मला सांगू नकोस. हा घे साक्षीदार!" तिनं मला बोटानं दाखवलं. "माझ्या भावानं मक्केहून आणलंय. तो खोटा?"

दोघी फळीपाशी आल्या. सासूनं बघितलं, सुई ठिपक्यावर, मनोरा न्हाणीघराकडे. "बघ!"

आणि मी, बघा, तेव्हाही खोटंच बोललो. त्या पोरीचा चेहरा पडला. नव्या घरात तिसऱ्या दिवशी ती खोटारडी ठरत होती, आणि ठरवणारा मी. आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तरेची आठवण आली. जीव खाऊन ओढलं मी स्वतःला. केसभर हललो असेन. लालतोंड्यानं परत खेचलं.

सुनेनं तो थरथराट पाहिला. "अम्मी, याच्या आसपास लोखंड आहे काही? आम्ही मोजणीला जातो तेव्हा किल्ल्यांचा जुडगासुद्धा लांब ठेवतो."

"माझ्या भावाच्या वस्तूवर संशय घेऊ नकोस, सांगून ठेवते!"

कोपऱ्यात मास्तरांचं मशीन धडधडत होतं. जोरात. सुनेचं लक्ष गेलं, मग सासूचं. मशीन चालू होतं आणि सुईत दोराच नव्हता.

मास्तरांनी पाय थांबवला. उठले, फळीखाली हात घातला आणि लोहचुंबक काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. मी फिरलो. असा फिरलो की टेबलावरची ती जुनी गिरकी आठवली. सुनेनं हळूच डबी वळवली. सुई ठिपक्यावर आली. मनोरा जिन्याच्या दाराकडे.

"तुम्हाला ठाऊक होतं?" हवालदारणीचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता.

"चार वर्षं."

"म्हणून मशीद?"

"म्हणून मशीद."

"तापातसुद्धा?"

"इथं जाणूनबुजून वाकडं उभं राहवेना. आणि तुला सांगवेना. तू त्याच्यासाठी रडत होतीस."

ती मटकन चटईवर बसली. "मग त्याच्यासाठी मागितलेलं सगळं गेलं कुठं? न्हाणीघरात?"

कुणी हसलं नाही. मीसुद्धा. सूर्य बुडायला थोडाच अवकाश होता, चौथी नमाज तोंडावर, आणि ती चटईवरून उठेना. मास्तरांनी मशिदीतल्या मौलानांना फोन लावला आणि तिच्या कानाला धरला. मौलानांचा आवाज मशिदीत बिनभोंग्याचा पुरतो, तो मला फळीवर ऐकू आला.

"दिशा शोधली होती ना मनापासून?"

"हो. त्या मेल्या डबीवर विश्वास ठेवून."

"मग झाली नमाज. एकही परत करायची नाही. नियत बघितली जाते. पैगंबरांच्या काळी काबा ही दिशा ठरली तेव्हा लोक नमाजात उभे होते, दुसरीकडे तोंड करून. निरोप आला तसे उभ्या उभ्या वळले. आधीची वाया गेली असं कुणी म्हणालं नाही. तुम्हीही वळा. आणि दुआचं म्हणाल, तर तिला होकायंत्र लागत नाही."

"आणि यांचं? चार वर्षं लपवलं ते?"

मौलाना म्हणाले, "ते घरातलं प्रकरण. त्यात मला ओढू नका."

मास्तर सवयीनं चपला शोधायला लागले. ती म्हणाली, "कुठं निघालात? मशिदीत जायचं नाही आज. पुढं उभे राहा."

चटई वळली. मास्तर पुढं, सासू-सून मागं खांद्याला खांदा लावून. मास्तरांचा आवाज पहिल्या शब्दालाच फाटला. मागून हवालदारीण खाकरली, तसा सरळ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मुठीत घेतलं आणि सुनेला म्हणाली, "चल." रस्ताभर मूठ घामानं ओली. कबरस्तानात एका जुन्या कबरीपाशी थांबली तेव्हा मला कळलं, रात्रभर तिला काय टोचत होतं. मेलेल्या माणसाला कबरीत उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडे करून निजवतात. भाऊ तरी सरळ निजलाय ना?

सुनेनं किल्ल्या काढून लांब गवतात ठेवल्या. सासूनं मला दगडावर ठेवलं. आजूबाजूला लोखंड नाही, लालतोंड्या नाही, वर उघडं आभाळ. मला कुणी ओढत नव्हतं. भीती वाटली हो, खरं बोलायची सवयच नव्हती. थरथरलो, डुललो, आणि थांबलो. तिनं सुई ठिपक्यावर आणली. मनोरा कबरीला बरोबर आडवा, त्याचं तोंड जिकडे असेल अगदी तिकडे.

ती दगडावर हात ठेवून बसली. मग हसली, डोळे पुसत. "तू बरोबरच निजलास रे. मीच वाकडी उभी होते."

आता मी आतल्या खोलीत, लाकडी कपाटावर असतो. हवालदारीण दर शुक्रवारी मला उचलते, डोळे बारीक करून बघते. "खरं बोल हां." सून हसते. लालतोंड्या पुढच्या खोलीत टाचण्या गोळा करतो, अधूनमधून भिंतीपलीकडून त्याची ओढ येते आणि माझी सुई अजूनही थरथरते. थरथर जायची नाही, माझा जन्मच तसला. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर एवढं करा. तो काय दाखवतो हे बघायच्या आधी, त्याच्या खाली काय लटकवलंय ते बघा.