साध्या पावात अक्रोड

पीठ फुगून तयार, भट्टी तापलेली, आणि धाकटा दीर बेकरीतल्या संगणकापुढे कमरेवर हात ठेवून उभा. आज पहिल्यांदाच तो वहिनीने पायथनमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामवर विसंबून पाव भाजणार होता. पडद्यावर कुठल्या पावात काय घालायचं ते वाचता वाचता तो थबकला.

"वहिनी, शिंपीणबाईंच्या साध्या पावात अक्रोड कधीपासून?"

वहिनी धावत पडद्यापाशी आली. शिंपीणबाईंच्या लेकीला अक्रोडाचा कण जरी गेला तरी घसा सुजतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. आजच्या गिऱ्हाइकांत अक्रोड मागितला होता एकट्या मास्तरांनी!

"थांबा भाऊजी, पिठाला हात लावू नका."

"मी कुठे लावतोय? लावलाय तुमच्या प्रोग्रामने! नाही जमत तर सांगा, माझं डोकं आहेच."

आपण काय काय लिहिलं होतं, ते ती ओळीओळीने तपासू लागली. साध्या पावाची यादी केली, तीच मास्तरांच्या पावाला दिली, मग मास्तरांच्या यादीत अक्रोड घातला. चुकलं कुठे? आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. मास्तरांना वेगळी यादी मिळालीच नव्हती, मिळालं होतं नुसतं दुसरं नाव. यादी एकच, आणि तीही उघड्या पातेल्यासारखी. कोणीही यावं, काहीही टाकावं.

तिने हे सांगताच ट्रे पुसणाऱ्या सासूबाई हसल्या. "अगं, देवाला हजार नावांनी फूल वाहा, पडतं एकाच पायावर!"

"देवाचं चालतं, आई. गिऱ्हाइकाचं नाही चालत," दीर म्हणाला.

वहिनीने साध्या पावाच्या यादीचा टपल, म्हणजे पायथनमधली कुलूपबंद यादी, केला. टपल एकदा बांधला की बांधला. त्यात ना भर, ना घट. मास्तरांसाठी त्यावरून अक्रोडासकट दुसरा टपल बनवला. आता शिंपीणबाईंच्या पावात पीठ, खमीर, मीठ, पाणी. बस्स.

"आणि उद्या माझ्याच हातून साध्यात अक्रोड गेला तर?"

"घालून बघा ना."

त्याने पिठाळलेल्या बोटांनी ती सांगेल तसं टाइप केलं. पडद्यावर लालभडक एरर आली.

"रुसली की हो!"

"रुसली नाही, भाऊजी. नाही म्हणतेय."

त्याने एरर पुन्हा वाचली, मान डोलावली. "अशी खमकी हवीच बेकरीत." मग शिंपीणबाईंचा ट्रे उचलून त्याने सगळ्यात आधी भट्टीत सरकवला आणि मागे न बघताच म्हणाला, "वहिनी, केकचंही लिहायला घ्या आता."