पार्षदबाई प्रदर्शन बघायला गेल्या

निमंत्रणपत्रिकेवर नाव शकुचं होतं, पण ती उघडली अंबादासनं. यात नवल काहीच नव्हतं. वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून शकु नगरसेवकपदाला उभी राहिली, निवडून आली, आणि दुसऱ्याच दिवसापासून कांचघर मोहल्ल्यातली हिंदी बोलणारी माणसं तिच्या नवऱ्याला ‘पार्षद भैया’ म्हणू लागली. वॉर्डाचा मोबाइल अंबादासकडे, लेटरपॅड अंबादासकडे, शिक्काही त्याच्याच पिशवीत. शकुकडे फक्त सही. ती पोळ्या लाटत असायची तेव्हा तो कागद पुढे धरायचा, ती पिठाचा हात पुसून नाव लिहायची आणि पुन्हा लाटणं घ्यायची. अडीच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

या वेळी मात्र म्युझियममधून चिन्मयी नावाच्या मुलीचा फोन आला. “भैयांनी जरूर यावं, पण उद्घाटन शकुताईंच्याच हातून हवंय. प्रदर्शन एका राज्य चालवणाऱ्या बाईचं आहे.”

“कोणती बाई?” अंबादासनं विचारलं.

“इटलीची. पाचशे वर्षांपूर्वीची. इसाबेला.”

फोन ठेवून अंबादास हसला. “चाल बापा, घेऊन जातो तुला इटलीले! पुंडलिक पण येऊन राहिला तिथं. त्याचा एक कागद आहे, तिथंच सही करून टाकजो.” पुंडलिक म्हणजे ठेकेदार, घरात त्याचं येणं-जाणं रोजचं.

भाषणासाठी अंबादासनं हिंदीत चार ओळी लिहून दिल्या. सकाळपासून शकु त्या घोकत होती. साडी दोनदा बदलली. भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवेना. लोकांपुढे बोलायची भीती असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

नेपियर टाउनच्या हॉलमध्ये फीत कापली, चार ओळी म्हणून झाल्या, टाळ्या पडल्या. बाकीचे समोशांकडे वळले आणि चिन्मयीनं शकुचा हात धरून तिला आत नेलं. चित्रं म्हणजे सगळ्या छापील प्रतीच होत्या, पण मोठ्या आणि लखलखीत.

“ही इसाबेला,” चिन्मयी म्हणाली. चित्रात वीस-बावीस वर्षांची, डोक्यावर फुगीर टोपी घातलेली गोरी बाई ओठ मिटून बघत होती. “हे काढलं तेव्हा तिची साठी आली होती. चित्रकाराला सांगून तिनं स्वतःला तरुण काढून घेतलं.”

शकुला खुदकन हसू आलं. वॉर्डाच्या पोस्टरवर तिचाही फोटो लग्नाच्या वेळचाच होता. फरक इतकाच, की तो अंबादासनं निवडला होता आणि त्याच्या स्वतःच्या फोटोच्या निम्मा होता.

पुढच्या भिंतीवर त्या बाईच्या खोलीतली चित्रं होती. कोणती देवता कुठे उभी राहील, काय नेसेल, सगळं तिनं चित्रकारांना पत्रातून कळवलं होतं. “एकाला तर मापाचा दोरा पाठवला होता,” चिन्मयी म्हणाली.

“आपण टेलरकडे नापाचा ब्लाउज पाठवतो, तसाच की!” शकु म्हणाली. लग्नाआधी ती माहेरी, अधारतालला शिलाईकाम करायची. कपडा कापायच्या आधी तीन वेळा माप घेणारी म्हणून गल्लीत तिचं नाव होतं.

मग पत्रांचा कोपरा आला. नवऱ्याला शत्रूनं कैद केलं तेव्हा राज्य या बाईनं चालवलं. नवऱ्याला सोडायचं तर दहा वर्षांचा मुलगा ओलीस द्या, अशी मागणी आली. तिनं सरळ नाही म्हटलं. नवरा कैदेत बसून तिच्यावर संतापला.

“मग? वाचला पोरगा?”

“नवरा सुटला, पण मुलाला शेवटी रोमला पोपकडे ओलीस राहावं लागलं.”

“म्हणजे द्याच लागला.”

“हो. पण पहिल्यांदा मागितला तेव्हा नाही दिला.”

शकु त्या पत्राच्या फोटोपुढून हलेना. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, भाषाही कळत नव्हती. अडीच वर्षांत आपण किती कागदांवर सह्या केल्या असतील? आणि वाचता येणाऱ्या भाषेतला त्यातला एक तरी आपण वाचला का?

बाहेर बाकावर अंबादास आणि पुंडलिक वाट बघत होते. अंबादासनं फाइल उघडली, पेनचं टोपण काढून दिलं. “चाल, इथं कर.”

शकु बाकावर बसली आणि वाचू लागली.

“काय पाहून राहिली?”

“वाचून राहिली.”

पुंडलिक हसला. “भाभी, कुछ नहीं है, फॉर्मेलिटी है.”

वाचायला तिला वेळ लागला. सरकारी हिंदी ती, एकेक वाक्य दोनदा वाचावं लागत होतं. पण कळलं. शाळेमागचं मैदान पुंडलिकला गाड्या उभ्या करायला पाच वर्षांसाठी द्यायला वॉर्डाची हरकत नाही, असं तिच्या नावानं लिहिलं होतं. पोरं तिथं खेळायची. दुसरं मैदान वॉर्डात नव्हतंच. तिनं टोपण पेनाला लावलं.

“यावर नाही करत मी सही.”

“काहून?”

“पोरं कुठं खेळतील?”

अंबादासनं इकडेतिकडे पाहिलं. चार पाहुणे हातात समोसे घेऊन उभे होते. तो दात दाखवून हसला, पण पुंडलिककडे बघायचं त्यानं टाळलं. “घरी बोलू,” म्हणाला.

घरी येऊन तो सरळ झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डाचा मोबाइल, लेटरपॅड, शिक्का, सगळं ओट्यावर ठेवून तो म्हणाला, “घे. चालव राज्य.” आणि दार ओढून निघून गेला.

आठ वाजता पहिला फोन वाजला आणि दुपारपर्यंत वाजतच राहिला. नळ, नाली, रेशन कार्ड. जो तो ‘भैया कुठे’ विचारायचा. मागच्या गल्लीतल्या कुंदाकाकू दारात आल्या. त्यांच्या घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद होता. फोन कुणाला करायचा हे शकुला माहीत नव्हतं. “पाहते मी,” म्हणाली, तेव्हा कुंदाकाकूंनी तिच्याकडे जे पाहिलं ते तिला जिव्हारी लागलं. घरातल्या घरात तिनं दहा चकरा मारल्या. झक मारली आणि ते प्रदर्शन बघितलं, असंही एकदा मनात येऊन गेलं. शेवटी तिनं ई-रिक्षा केली आणि नगर निगमचं झोन ऑफिस गाठलं.

“भैया नहीं आए?” बाबूनं विचारलं.

“मैं आई हूँ ना. पार्षद मैं हूँ.”

बोलली खरी, पण आवाज चिरकला. बाबूनं खुर्ची दिली. मैदानाच्या कागदावर आपली सही नाही आणि आपल्या नावानं दुसरा कागद आला तर मला विचारा, असं तिनं वाकड्यातिकड्या हिंदीत लिहून दिलं आणि पोच मागून घेतली. बाबू म्हणाला, “मैडम, मामला ऊपर तक जाएगा.” जाऊ दे, ती म्हणाली. दिव्याचं मात्र झालं नाही. तो विभाग दुसरीकडे होता.

परतताना ती शाळेमागं उतरली. पोरं विटांचे स्टंप रचून खेळत होती, धुळीनं मैदान नुसतं भरून गेलं होतं. या मैदानाचं पुढे काय होईल ते तिला सांगता आलं नसतं. पुंडलिक गप्प बसणारा नव्हता. तिथंही तिचा पाय टिकेना. दोन मिनिटं उभी राहिली आणि झपाझपा घरी आली.

अंबादास आधीच आला होता. तिनं वाढलं. पहिली पोळी त्यानं मान खाली घालूनच खाल्ली.

“पुंडलिकनं मले चार लोकांत काय काय सुनावलं, तुले माहीत आहे?”

“नाही. काय सुनावलं?”

अंबादासनं आमटी ओरपली, वर पाणी प्यायलं. दुसरी पोळी तिनं ताटात टाकली तेव्हा म्हणाला, “कुंदाकाकू भेटल्या रस्त्यात. त्या दिव्यासाठी वर्मा म्हणून आहे एक. पहिल्यांदा फोन उचलत नाही तो. तीनदा कर. लिहून घे नंबर.”

शकुनं हात धुतले आणि पेन शोधू लागली.